ढब्बू, चिमी आणि वजनकाटा

आमच्याकडे कुणीही आलं, की पायातल्या चपला काढता काढताच पहिला प्रश्न येतो, ‘‘अगंबाई, हा बोका आहे की वाघाचं पिल्लू?’’ आणि चहाचा कप हातात पडेपर्यंत दुसरा, ‘‘आणि ही एवढीशीच का? हिला खायला घालत नाही वाटतं?’’

पहिला प्रश्न ढब्बूबद्दल, दुसरा चिमीबद्दल. दोघं सख्खे भाऊबहीण. नऊ वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात आमच्या चिपळूणच्या घराच्या माळ्यावर, अडगळीतल्या जुन्या गोधडीवर एकाच दिवशी जन्मलेले. ढब्बू पिवळाधमक, रुंद डोक्याचा, जाड पंजांचा. चिमी पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या ठिपक्यांची, कोयरीएवढ्या तोंडाची. एकाच आईचं दूध प्यायले, एकाच ताटलीत जेवले. पण वर्षभरात तो तिच्या जवळपास दुप्पट झाला.

ढब्बूचं सगळ्यांना कोण कौतुक! ‘‘खात्यापित्या घरचा दिसतो हो,’’ असं शेजारच्या काकू म्हणाल्या, की मलाच मूठभर मांस चढायचं. सासूबाई तर अमावास्येला त्याची दृष्ट काढायच्या. आणि चिमी म्हणजे घराची काळजी. तिच्यापुढे दोन मांदेल्या जास्त पडायच्या. ‘‘खा गं बाई, हाडं दिसतायत नुसती,’’ असा आग्रह व्हायचा. ती आपली हुंगून, थोडं खाऊन, मिशा पुसत निघून जायची. मैत्रिणींनो, लग्न होऊन सासरी आल्यावर ‘किती गं बारीक’ आणि पाच वर्षांनी ‘किती गं सुटलीस’ हे आपल्यापैकी कुणी ऐकलेलं नाही? तरी तीच फूटपट्टी आपण घरातल्या मांजरांना लावतो, ते काही आपल्या लक्षात येत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सकाळी ढब्बूने नेहमीसारखी ओट्यावर उडी मारली आणि तो खाली पडला. पुन्हा मारली, पुन्हा पडला. मग काही झालंच नाही अशा थाटात पंजा चाटत बसला. आम्ही सगळे पोट धरून हसलो. पण दोन-चार दिवसांत मला दिसलं, की त्याच्या पाठीवर शेपटीच्या वर केसांच्या गुठळ्या झाल्यात. मांजर म्हणजे स्वच्छतेची मूर्ती, आणि हा असा गबाळा? नीट पाहिलं तेव्हा कळलं, की अंग चाटायला मान वळवली, तरी त्याचं तोंड तिथपर्यंत पोचतच नव्हतं. मध्ये पोट येत होतं.

आमच्याकडचे डॉक्टर मूळचे गाईगुरांचे. सगळा तालुका मोटारसायकलवरून पालथा घालतात. त्यांनी ढब्बूला काट्यावर ठेवलं. 6 किलो 300 ग्रॅम.

‘‘वहिनी, याच्या चणीला 5 किलो पुरे. हा सव्वा किलोपेक्षा जास्त बोजा घेऊन फिरतोय.’’

मी म्हटलं, ‘‘अहो डॉक्टर, एवढंसं तर आहे. सव्वा किलो म्हणजे काय, एक कोबीचा गड्डा!’’

ते हसले. ‘‘तुमचं वजन 60 किलो असायला हवं आणि ते 75 झालं, तर तुम्ही त्याला कोबीचा गड्डा म्हणाल का?’’

मग त्यांनी मला जे समजावलं, ते तुम्हालाही सांगते. कारण हल्ली घरोघरी मांजरं आहेत आणि प्रत्येकीला वाटतं, की आपलं मांजर एकतर फार जाड आहे, नाहीतर फार बारीक.

पहिली गोष्ट म्हणजे, सगळ्या मांजरांसाठी एकच आकडा नसतो. आपल्याकडच्या साध्या गावठी मांजरांत भाटी अडीच-तीन किलोचीही अगदी ठणठणीत असते आणि बोका साडेचार-पाचाचाही जाड नसतो. बोक्याची चण मुळातच मोठी. त्यात हाडपेर आईबापांवर जातं. एका खेपेच्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हे ऐकून तर मी चाटच पडले! मांजर माजावर असताना एकापेक्षा जास्त बोक्यांशी तिचा संबंध आला, तर एकाच वेळी जन्मलेल्या पिल्लांत कुणी एकाचं, कुणी दुसऱ्याचं असू शकतं. मग चिमी आणि ढब्बू सारखे दिसावेत असा हट्ट कशाला धरायचा?

जातिवंत मांजरांची तर आणखी तऱ्हा. आमच्या शेजारच्या मुलीने पर्शियन मांजर आणलंय. दिसतं केवढं, पण आंघोळ घातली, की निम्मं मांजर पाण्याबरोबर वाहून गेल्यासारखं वाटतं. तो सगळा केसांचा डौल असतो. मोबाइलवर जी अजस्र मांजरं दिसतात, ती बहुतेक मेन कून जातीची. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या थंड भागातली ही जात. तिचा बोका सात-आठ किलोचा झाला, तरी त्याला लठ्ठ म्हणत नाहीत, आणि त्याची पूर्ण वाढ व्हायला तीन-चार वर्षं लागतात. दुसऱ्या टोकाला सिंगापुरा नावाची जात. ती पूर्ण वाढली, तरी दोन-तीन किलोच्या आसपास. आता सिंगापुराच्या मालकिणीने मेन कूनकडे बघून आपल्या मांजराला ठासून खायला घातलं, तर काय होईल सांगा बरं?

मग ओळखायचं कसं? डॉक्टरांनी माझा हात धरून ढब्बूच्या बरगडीवर ठेवला. ‘‘हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताचं बोट बोटांच्या उंचवट्यांवरून फिरवा. बरगड्या अशा टोचल्या, तर मांजर रोड आहे. आता पंजा उघडा आणि तळव्याच्या बाजूने, बोटांच्या मुळाशी दाबून बघा. हाडं शोधावी लागली, तर मांजर जाड आहे. आणि हात पालथा करून सरळ धरला, की त्याच उंचवट्यांवर जसं लागतं, म्हणजे हाडं हाताला कळतात पण टोचत नाहीत, तसं लागलं, तर मांजर मापात आहे.’’

ढब्बूच्या बरगड्या मला सापडल्याच नाहीत!

दुसरी खूण वरून बघायची. मांजर उभं असताना त्याच्या पाठीकडे पाहिलं, तर बरगड्यांच्या मागे थोडी कंबर दिसायला हवी. बाजूने पाहिलं, तर छातीच्या मागे पोट किंचित वर गेलेलं हवं. ढब्बू वरून पाहिला, तर सरळ पाटा. पशुवैद्य याला गुणही देतात, 1 ते 9. पाच म्हणजे मापात. त्याच्या वरचा एकेक गुण म्हणजे साधारण दहा टक्के वजन जास्त. म्हणजे शाळेत असते तशी जास्त गुणांची चढाओढ इथे उपयोगाची नाही. इथे पन्नास टक्क्यांवाला पहिला!

एक मात्र लक्षात ठेवा. मागच्या पायांच्या मधे पोटाखाली जी कातडीची झोळी लोंबते आणि चालताना हलते, ती बघून घाबरायचं कारण नाही. ती बारीक मांजरांनाही असते. नसबंदीमुळे ती आली, असं पुष्कळजणी समजतात, पण ती मांजराच्या मूळ घडणीतलीच आहे. हाताला नुसती सैल कातडी लागली, तर ठीक. आत गच्च चरबी लागली, तर विचार करा.

आता ढब्बू एवढा वाढला कसा? त्याची नसबंदी वर्षाचा असतानाच केली होती. ती करायलाच हवी, नाहीतर बोका गावभर मारामाऱ्या करत फिरतो. पण त्यानंतर भूक वाढते आणि अंगाची गरज मात्र पाव हिश्श्याच्या आसपास कमी होते. ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. साधारण 4 किलोच्या, घरातच वावरणाऱ्या मांजराला दिवसाला 200 ते 250 कॅलरी पुरतात. कोरड्या दाणेदार खाण्याच्या 100 ग्रॅममध्ये 350 ते 400 कॅलरी असतात. म्हणजे 50-60 ग्रॅममध्ये दिवस भागला! आणि आमच्याकडे काय? सकाळी ह्यांच्या हातून सायीचं बोट. दुपारी सासूबाईंकडून माशाचं डोकं. संध्याकाळी माझ्याकडून वाटीभर दाणे, तेही अंदाजपंचे. रात्री परत ह्यांच्या ताटातलं काहीतरी. प्रत्येकाचं ‘थोडंसंच’. चार थोडंसं मिळून ढब्बू झाला.

घरी आल्यावर मी पदर खोचला. दुसऱ्याच दिवसापासून साय बंद, मासे बंद, फक्त वजन उतरवायचे नवे दाणे. ढब्बूने ते हुंगले आणि पाठ फिरवली. मी म्हटलं, भूक लागली की खाईल झक मारत. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या फुशारकीने डॉक्टरांना फोन लावला, ‘‘दोन दिवस त्याने कशाला तोंड लावलं नाही. आता भराभर उतरेल बघा.’’

पलीकडे क्षणभर शांतता. मग, ‘‘वहिनी, त्याला आत्ताच्या आत्ता घेऊन या. नाहीतर आधी जे तो खात होता ते द्या, पण द्या.’’

मैत्रिणींनो, हे वाक्य मी कधी विसरणार नाही. माणसाला एकादशी सोसते, मांजराला नाही. त्यातून लठ्ठ मांजराला तर नाहीच नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, की अंगातली चरबी भराभर यकृताकडे धाव घेते. यकृताला ती पेलत नाही, तिथेच साठते. कावीळ होते, मग खाण्याची इच्छाच मरते. वेळेवर उपचार झाले नाहीत, तर मांजर दगावतं. मी त्याच्या भल्यासाठी म्हणून त्याला मरणाच्या दारात नेत होते. त्या दिवशी उकडलेलं चिकन बोटाने भरवताना माझे हात कापत होते. ढब्बूने मात्र मोठ्या मनाने मला माफ केलं आणि वर आणखी मागितलं.

मग शहाणपणाने सुरुवात केली. नवं खाणं एकदम नाही, जुन्यात थोडं थोडं मिसळून, आठ-दहा दिवसांत बदलायचं. वजन आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास उतरलं, तरी पुष्कळ. ढब्बूच्या बाबतीत म्हणजे 60 ग्रॅम. रोजचं खाणं सकाळीच स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून डब्यात काढायचं. ज्याला कुणाला लाड करायचे असतील, त्याने त्या डब्यातलेच चार दाणे द्यायचे. सासूबाई दोन दिवस रुसल्या. मग त्याच डब्याच्या राखणदार झाल्या. ‘‘हात लावू नका हो, मोजलेलं आहे,’’ असं ह्यांना ठणकावू लागल्या.

दर रविवारी वजन. पद्धत सोपी आहे. आधी आपण एकटीने वजनकाट्यावर उभं राहायचं, मग मांजराला उचलून, आणि वजाबाकी करायची. यात एकच अडचण. आपलं स्वतःचं वजन घरादाराला कळतं! ह्यांनी पहिल्याच रविवारी पहिला आकडा वाचला आणि दुसरा वाचायचं विसरूनच गेले. पण कॅलेंडरवर तारखेखाली ढब्बूचे आकडे उतरू लागले. 6.3, 6.2, 6.1, 6.0, 5.9...

आणि मग गाडी अडली. गणपतीपासून दिवाळीपर्यंत 5.8 म्हणजे 5.8. मोजून खातोय, तरी उतरत नाही! मला वाटलं, काकूंकडे चोरून जेवतो. त्यांना जाऊन बोललेसुद्धा. त्यांना राग आला आणि तो रास्तच होता.

दिवाळीला लेक पुण्याहून आली. फराळाचं ताट बाजूला ठेवून तिने सवयीप्रमाणे चिमीला उचललं आणि तिचा चेहराच बदलला. ‘‘आई, हिचं काही उरलंच नाहीये गं.’’

‘‘ती तशीच आहे बारीक. चणच लहान तिची.’’

‘‘लहान चण वेगळी. हात लाव तू.’’

मी हात लावला. मूठ वळल्यावर लागतात, तशा बरगड्या टोचल्या. पाठीचा कणा हाताला मण्यांसारखा लागला. न्हाणीघरातला काटा एवढ्या लहान जीवाचा फरक नीट दाखवत नाही, म्हणून पिशवीत घालून वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर नेली. 2 किलो 300. पूर्वी लसीच्या वेळी डॉक्टरांच्या कार्डावर लिहिलेलं होतं, 2 किलो 700.

400 ग्रॅम. आपल्याला वाटतं, दोन मोठे कांदे. पण हिशेब करून बघा. 60 किलोच्या बाईचं नऊ किलो वजन कमी झालं, तर घरात धावपळ होईल की नाही? रक्त, लघवी सगळं तपासतील. चिमीचं तेवढंच कमी झालं आणि ते आमच्या कुणाच्या नजरेत आलं नाही. कारण ‘चिमी बारीक आहे’ हे आम्ही नऊ वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. वजन मी दर रविवारी ढब्बूचं करत होते. तिचं एकदाही केलं नव्हतं.

डॉक्टरांनी तिचं तोंड उघडलं. हिरड्या लालभडक, मागच्या दाढा किडक्या, वास मारणाऱ्या. ‘‘हिला भूक आहे, पण चावताना दुखतं. मांजर रडत नाही, ओरडत नाही. लपवतं. रस चाटत असेल, तुकडे टाकत असेल.’’

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. चिमी ताटलीतलं वरवरचं चाटून उठायची, आणि उरलेलं कोण संपवायचं? ढब्बूच्या अडलेल्या वजनाचं आणि चिमीच्या उतरलेल्या वजनाचं कारण एकच होतं. ताटली रिकामी दिसायची, म्हणून मी समाधानी. कुणी रिकामी केली, ते बघितलंच नाही. त्या संध्याकाळी मी काकूंकडे चकली-चिवड्याचा डबा घेऊन गेले आणि क्षमा मागितली.

मांजर नऊ-दहा वर्षांचं झालं, की विनाकारण उतरणारं वजन ही सगळ्यात मोठी खूण असते. दात असतील, मूत्रपिंडं असतील, थायरॉइड वाढलेलं असेल, मधुमेह असेल. थायरॉइड आणि मधुमेहात तर मांजर भरपूर खातं आणि तरी वाळतं, त्यामुळे ‘खातंय ना, मग ठीक आहे’ असं म्हणून चालत नाही. पाणी नेहमीपेक्षा जास्त पीत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. चिमीला पुण्याला नेलं, तिथे आधी रक्त तपासलं. मूत्रपिंडं सुदैवाने धड होती. मग भूल देऊन खराब दाढा काढल्या. मला वाटलं, आता ही बोळकी खाणार काय? पण दुखणं गेल्यावर ती अशी जेवायला लागली, की विचारू नका! मऊ उकडलेली मासळी, चिकन, पाकिटातलं ओलं खाणं. आणि जेवण दोघांचं वेगवेगळ्या खोलीत, दार लावून. पंधरा-वीस मिनिटं. मग ताटल्या उचलायच्या.

जाता जाता दूध-भाताबद्दलही सांगायला हवं. आपल्याकडे पुष्कळ घरांतून मांजराला दूधभात नाहीतर दूधपोळीच असते. पण मांजर अस्सल मांसाहारी. टॉरिन नावाचं एक द्रव्य त्याच्या शरीराला पुरेसं तयार करता येत नाही. ते मांस-मासळीतून मिळतं, भातपोळीत नसतं आणि दुधात अगदी थोडं. त्याच्या कमतरतेने मांजराचं हृदय दुबळं होतं, हे 1987 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. दूध तर पुष्कळ मोठ्या मांजरांना पचतही नाही, हगवण लागते. म्हणजे पोट भरलेलं दिसतं, पण अंगाला लागत नाही. ज्यांच्या घरात मांस-मासळी शिजत नाही, त्यांनी मांजरांसाठी मिळणारं तयार खाणं आणावं, त्यात टॉरिन घातलेलं असतं. आणि पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं, बरगड्या मात्र उघड्या, असं दिसलं, तर ते बाळसं नव्हे. बहुधा जंत असतात. औषध डॉक्टरांकडूनच घ्यावं, आपल्या घरातलं देऊ नये.

आज आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दोन रकाने आहेत. एक ‘ढ’चा, एक ‘चि’चा. ढब्बूचा आकडा 5.1 वर आलाय. परवा त्याने ओट्यावर उडी मारली आणि पहिल्याच झेपेत पोचला. सासूबाईंनी टाळी वाजवली आणि लगेच तोंडावर हात ठेवला, दृष्ट लागेल म्हणून. चिमी परत 2 किलो 700 झाली. तिच्या रकान्यात हा आकडा सलग तीन महिने लिहिताना मला जो आनंद झाला, तो लेकीच्या दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

पाहुण्यांचे प्रश्न काही थांबलेले नाहीत. गेल्या आठवड्यात एक लांबच्या वन्सं आल्या होत्या. चिमीकडे बघून म्हणाल्या, ‘‘अगंबाई, किती ही बारीक! आणि तो बघा कसा गुटगुटीत.’’ मी उत्तर द्यायच्या आत सासूबाईंनीच वाती वळता वळता मान वर केली.

‘‘तिचं माप तिचं, त्याचं माप त्याचं. दोघंही आपापल्या मापात आहेत हो,’’ म्हणाल्या. आणि मग माझ्याकडे पाहून हळूच, ‘‘तुझंही या रविवारी करू या गं वजन. हल्ली जरा उतरल्यासारखी वाटतेस.’’